नऊ मीटरची वाटणी

पुण्यातल्या जुन्या वसाहतीतला एखादा आतला रस्ता मोजायला घेऊ. नकाशावर त्याची रुंदी नऊ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. दोन्ही बाजूंचे पदपथ मिळून 3.6 मीटर गेले, उरले 5.4. उभ्या मोटारीला आरशांसकट दोन मीटर लागतात. एका कडेला पार्किंग दिलं, तर 3.4 मीटर उरतात, म्हणजे एका वेळी एकच मोटार सुखाने जाईल. दोन्ही कडांना दिलं, तर उरतात 1.4 मीटर, आणि त्यातून मोटार जाणार नाही. अग्निशमन दलाच्या बंबाला, जो जवळपास अडीच मीटर रुंद असतो, तिथे प्रवेशच नाही.

तरीही रोज रात्री अशा शेकडो रस्त्यांवर दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात आणि मधून वाहतूकही चालू असते. हे जमतं, कारण हिशोबातला पदपथ परस्पर खोडलेला असतो. कुठे तो बांधलेलाच नसतो, कुठे बांधलेल्या पदपथावर दुचाकी चढलेल्या असतात. शाळेत निघालेलं मूल आणि भाजी आणायला निघालेल्या आजी चालत्या गाड्यांच्या वाटेतून जातात. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मृत्युमुखी पडली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती.

गल्लीतली भांडणं शेजाऱ्याच्या बेशिस्तीवर घसरतात. कुणी फाटकासमोर गाडी लावली, कुणाच्या बांधकामाची खडी रस्त्यावर आली, कुणी भरधाव गेलं. बेशिस्त असतेच. पण मुळात प्रश्न ठरावीक रुंदीच्या वाटणीचा आहे, आणि ही वाटणी करणारी कार्यालयं वेगवेगळी आहेत. प्रत्येक जण आपल्यापुरती परवानगी देतो. बेरीज कुणीच करत नाही.

कोणाच्या हाती काय

रस्ता महापालिकेचा. तो बांधणं, दुरुस्त करणं, त्यावर दिवे लावणं आणि त्यावरचे अडथळे हटवणं ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार तिची कामं. मुंबईत हेच 1888 च्या स्वतंत्र कायद्याने चालतं. रस्त्यावर ठेवलेलं सामान, टपरी किंवा पायरी आयुक्त नोटीस न देताही हटवू शकतात. पुण्यात ही कामं पथ विभाग आणि क्षेत्रीय कार्यालयं पाहतात. आतल्या रस्त्यांसाठी गाठायचा माणूस म्हणजे क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ किंवा उपअभियंता. मुंबईकर त्यासाठी वॉर्ड ऑफिसात जातात.

पण त्याच रस्त्यावर गाडी कुठे उभी करायची, कुठून एकेरी वाहतूक चालवायची, अवजड वाहनांना कोणत्या वेळी मनाई करायची, हे ठरवतात वाहतूक पोलीस. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115, 116 आणि 117 मधले अधिकार राज्याच्या गृह विभागाने सप्टेंबर 1996 च्या अधिसूचनेने पोलिसांकडे दिले. म्हणून पुण्यात ‘नो पार्किंग’चा आदेश पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या सहीने निघतो. आधी तात्पुरता आदेश निघतो, नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात, मग अंतिम आदेश. फलक मात्र महापालिका लावते आणि रंगाचे पट्टेही तीच मारते.

तिसरा खेळाडू बांधकाम परवानगी विभाग. किती मजल्यांची इमारत होणार, तिच्या आत किती गाड्यांची सोय हवी, हे तो नियमावलीनुसार तपासतो. मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडले, तर राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकच एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. याशिवाय पाणीपुरवठा, मलनिस्सारण, वीज, गॅस आणि केबलवाले आहेतच. त्यांना खोदाईची परवानगी पथ विभाग देतो. पावसाळ्यापूर्वी खोदाई थांबवून रस्ता पूर्ववत करायचा असा दंडक आहे आणि पुण्यात त्यासाठी 30 एप्रिल ही तारीख दरवर्षी ऐकू येते.

गल्लीतल्या माणसाच्या अर्ध्या फेऱ्या वाया जातात त्या इथे. पार्किंगची तक्रार घेऊन तो क्षेत्रीय कार्यालयात जातो, तिथून त्याला वाहतूक शाखेत पाठवतात. तिथे सांगतात, फलक पडलाय, महापालिकेकडे जा. दोघांचंही म्हणणं कायद्याने बरोबर असतं.

सम, विषम आणि घरची पाटी

पुण्यातली पी-1, पी-2 ही व्यवस्था वाटणीचा एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. रस्त्याच्या एका कडेला विषम तारखांना गाड्या लावायच्या, दुसऱ्या कडेला सम तारखांना. त्यामुळे एक कड नेहमी मोकळी राहते, झाडूवाल्यांना ती कड झाडता येते, आणि आपल्याच दुकानासमोर सतत गाड्या असल्याची तक्रार निम्मी होते. 31 तारखेनंतर 1 तारीख येते आणि दोन्ही विषम. त्या दोन दिवसांत बाजू बदलत नाही, आणि सवयीने पलीकडे गाडी लावणाऱ्याची गाडी उचलली जाते.

व्यवस्था चालते ती मात्र सर्वांना माहीत असेल आणि फलक दिसत असेल तरच. झाडाच्या फांदीआड गेलेला पी-2 चा फलक नसल्यातच जमा.

घराच्या फाटकावर स्वतःच लावलेल्या पाट्या पुण्यात हजारो आहेत, काहींवर हवा सोडण्याची धमकीही असते. या पाटीला कायद्याचं पाठबळ नाही. सार्वजनिक रस्त्यावर पार्किंगला मनाई करायची, तर अधिसूचना हवी. पण म्हणून पाटीवाल्याची तक्रार खोटी ठरत नाही. दुसऱ्याच्या फाटकाची वाट अडवून गाडी लावणं वाहन चालवण्याच्या नियमांतच चूक आहे, तिथे पाटी असो वा नसो. तक्रार पोलिसांकडे करायची, टायरकडे नाही. आपल्या दारासमोरची जागा राखायला कुंड्या, दगड, जुने टायर ठेवणारे मात्र स्वतःच रस्ता अडवण्याच्या कलमात सापडतात.

धूळ खात पडलेल्या बेवारस गाड्यांचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम 127 सांगतं की सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेलं वाहन, किंवा मनाई असलेल्या जागी उभं केलेलं वाहन, पोलीस उचलून नेऊ शकतात. एका मोटारीच्या उभ्या राहण्याला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. मध्यमवर्गीय घरातल्या बेडरूमएवढी ही जागा रस्त्यावर फुकट मिळते, आणि फुकट मिळणारी जागा कमी पडतेच.

या जागेला किंमत लावायचे प्रयत्न झाले. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध एवढा झाला की रात्रीच्या पार्किंगचं शुल्क वगळलं गेलं आणि सशुल्क पार्किंग प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरतं उरलं. मुंबईने 2019 च्या जुलैत दुसरी वाट धरली. महापालिकेच्या सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर गाडी लावली, तर 5,000 ते 23,000 रुपये दंड. वाहनतळ रिकामे आणि रस्ते भरलेले, ही विसंगती मोडायची होती. दंड गाजला, पण वाहनतळांच्या परिसराबाहेरच्या गल्लीत त्याचा उपयोग नव्हता. जपानने हे कोडं मुळापासून सोडवलं. 1962 च्या कायद्यापासून तिथे मोटार नोंदवताना ती ठेवायला जागा असल्याचा पुरावा द्यावा लागतो. रस्ता रात्रीच्या मुक्कामाची जागा मानलाच जात नाही.

गतिरोधक हवाय, पण कसला

गल्लीतल्या वेगाविरुद्ध लोक पहिली मागणी करतात ती गतिरोधकाची. मागणी योग्य असते. वेग ताशी 30 वरून 50 किलोमीटरवर गेला की धडकेची ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते. थांबण्याचं अंतरही वाढतं. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला असं धरलं, तर 30 च्या वेगाने गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण 17 ते 18 मीटरवर थांबते आणि 50 च्या वेगाने जवळपास 35 मीटरवर. चेंडूमागे धावत आलेल्या मुलासाठी हा फरक जिवाचा असतो.

पण बऱ्याच गल्ल्यांत एका रात्रीत उगवतो तो फूटभर रुंद आणि टोकदार उंचवटा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतला गतिरोधक वेगळा असतो. तो वाहनाच्या दिशेने 3.7 मीटर लांब, मध्ये 10 सेंटिमीटर उंच, गोलसर कमानीसारखा. ताशी 25 किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्याला तो फारसा टोचत नाही, वेगात येणाऱ्याला मात्र चांगला हादरा देतो. त्यावर रंगाचे पट्टे हवेत आणि थोडं आधी सूचना फलक हवा.

टोकदार उंचवटा याच्या उलट वागतो. सावकाश जाणाऱ्या स्कूटरवर मागे बसलेल्या बाईला तो उडवतो, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला हिसका देतो. जड मोटार वेगात नेणाऱ्याला मात्र त्याचा कमी त्रास, कारण चाक क्षणात पलीकडे जातं आणि धक्का स्प्रिंग झेलतात. कडेला फट ठेवलेली असली की दुचाकीवाले तिथूनच वळसा घालतात, आणि नेमके तिथेच पायी चालणारे असतात. पावसाचं पाणी अडून गतिरोधकाच्या पायथ्याशी खड्डा पडतो तो वेगळाच.

म्हणून अर्ज करताना ‘गतिरोधक द्या’ एवढंच लिहू नये. कुठे, कोणत्या वेळी, कोणाला धोका, ते लिहावं. महापालिका सहसा वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घेते, मग काम होतं. शाळेसमोर उंच केलेला पादचारी मार्ग जास्त उपयोगी पडतो. त्याने वेग कमी होतो आणि मुलांना रस्त्यात उतरावंही लागत नाही. कोपऱ्यावरचं वळण आवळून अरुंद केलं की वळणारी गाडी आपोआप मंदावते. पुणे महापालिकेने 2016 मध्ये शहरी रस्त्यांच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यात अशा उपायांना जागा आहे. मोठ्या रस्त्यांवर त्यांचे नमुने दिसतात. आतल्या गल्लीत ती पोचवायची असतील, तर कुणीतरी मागावी लागतात.

बांधकाम सुरू झाल्यावर

गल्लीचं गणित सर्वांत जास्त कोलमडतं ते पुनर्विकासाच्या वेळी. तीन मजली जुनी इमारत पडते आणि तिथे बारा मजली उभी राहते. रहिवाशांच्या बोलण्यात येतात ते नवीन फ्लॅट, वाढीव चटई क्षेत्र, मिळणारं भाडं. बांधकामाची दोन-तीन वर्षं रस्ता काय काय सोसणार, हा विषय त्या बैठकांत क्वचितच निघतो.

साधा हिशोब करू. हजार चौरस मीटरच्या जागेत साडेतीन मीटर खोल तळघर खोदायचं म्हटलं, तर माती निघेल साडेतीन हजार घनमीटर. एका डंपरमध्ये दहा घनमीटर गेली, तर साडेतीनशे खेपा, आणि खोदलेली माती फुगते म्हणून त्याहून जास्तच. पुढे स्लॅबचा दिवस. काँक्रिटच्या मिक्सरमध्ये साधारण सहा घनमीटर माल असतो, म्हणजे फक्त काँक्रिटचंच वजन चौदा टनांच्या पुढे. साठ घनमीटरच्या स्लॅबला असे दहा मिक्सर लागतात. त्यांना पंपाजवळ थांबावं लागतं आणि पंप बहुतेक वेळा रस्त्यावरच उभा असतो.

मिक्सरचालक घाई का करतात, याचंही कारण आहे. भारतीय मानकांनुसार तयार काँक्रिट भरल्यापासून दोन तासांच्या आत ओतून व्हावं लागतं. वाटेत कोंडी झाली तर माल वाया. दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात मनाई असते. रात्री रस्ते मोकळे असतात, पण ध्वनी प्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. म्हणजे काँक्रिटला दिवसातले थोडेच तास उरतात. ठेकेदार मग कधी एक नियम मोडतो, कधी दुसरा. रात्री अकराला पंप घरघरतो तेव्हा शेजारी पोलिसांना फोन करतात, आणि दुपारी मिक्सर उभा राहिला तर रस्ता तुंबतो म्हणून पुन्हा फोन. दोन्ही तक्रारी खऱ्याच असतात.

यातून वाट काढायची, तर स्लॅबच्या तारखा आधी ठरवून वाहतूक शाखेला कळवाव्या लागतात, त्या दिवशी समोरच्या कडेचं पार्किंग तात्पुरतं बंद करावं लागतं, आणि मिक्सर मुख्य रस्त्यावर थांबवून एकेक आत सोडण्यासाठी माणूस नेमावा लागतो. रस्त्यावर काम चालू असताना शंकू, फलक आणि अडथळे कसे लावायचे, पादचाऱ्यांना पर्यायी वाट कशी द्यायची, यासाठीही इंडियन रोड्स काँग्रेसच्या स्वतंत्र सूचना आहेत. हे सगळं कागदावर उतरायची जागा म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या अटी, किंवा त्याहूनही आधी सोसायटी आणि विकासक यांच्यातला विकसन करार. भाड्याच्या आणि दंडाच्या कलमांवर महिनेन् महिने घासाघीस होते, तिथे ‘बांधकामाचं सामान सीमाभिंतीच्या आतच ठेवलं जाईल’ ही एक ओळ घालायला खर्च नाही.

राडारोड्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत, असा कचरा टाकून वाहतुकीला, लोकांना किंवा गटारांना अडथळा करू नये, असं म्हटलं होतं. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांहून जास्त कचरा काढणाऱ्याने आधी आराखडा द्यायचा, हेही त्यात होतं. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचाही रस्त्याशी थेट संबंध आहे. एक एकरपेक्षा मोठ्या भूखंडाभोवती 35 फूट उंच आणि लहान भूखंडाभोवती 25 फूट उंच पत्रे लावायचे, माल नेणारी वाहनं झाकायची, आणि बाहेर पडताना त्यांची चाकं धुवायची. चाक धुण्याचा नियम धुळीसाठी केला, पण पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या मातीचा चिखल होऊन दुचाक्या घसरतात, ते टाळण्याचीही ती सोय आहे.

रुंदी कुणासाठी

पुण्यात 2020 मध्ये 323 रस्ते सहा मीटरवरून नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव गाजला. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नवी सीमारेषा आखायची आणि कडेच्या भूखंडांतून दीड-दीड मीटर घ्यायचं, असा बेत होता. कारण नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, वापरता येत नव्हता. त्यामुळे शेकडो जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला होता. समर्थकांच्या मते लोकांना सुरक्षित घरं मिळणार होती, आणि विरोधकांच्या मते झाडं, अंगणं आणि शांतता जाणार होती.

वाद कुणाच्याही बाजूने असो, त्यातला विचार लक्षात घ्यावा. रस्ता रुंद करायचं कारण त्यावरची वाहतूक नव्हती, त्यावर येणारं बांधकाम होतं. आणि बांधकामाने येणाऱ्या नव्या गाड्या वाढलेल्या तीन मीटरांत पुन्हा उभ्या राहणार, हे सांगायला वाहतूकतज्ज्ञ नको. नियमावली इमारतीच्या आत गाड्यांची जागा सक्तीने मागते, तरी पाहुण्यांच्या, घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मोटारीच्या आणि टेम्पोच्या वाट्याला शेवटी रस्ताच येतो. यांत्रिक पार्किंगमधून सकाळी घाईत गाडी काढण्यापेक्षा रात्री रस्त्यावर लावणं सोपं, असं ठरवणारेही असतात.

जबाबदारी आणि अर्ज

मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं की चांगल्या स्थितीतले रस्ते आणि पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये पादचाऱ्यांच्या पदपथाच्या हक्काला हेच स्थान दिलं. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 198-अ रस्त्याच्या सदोष आराखड्यामुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड लावतं. तोपर्यंत अपघाताचा दोष फक्त चालकाचा मानायची सवय होती.

न्यायालयापर्यंत जाण्याआधी बरंच काही स्थानिक पातळीवर करता येतं. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असं 74 व्या घटनादुरुस्तीने सांगितलं. महाराष्ट्राच्या 2009 च्या कायदादुरुस्तीत त्याहूनही खालच्या पातळीवर, मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद आहे. त्या क्वचितच भरतात. मार्च 2022 नंतर पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत दीर्घ काळ नगरसेवकच नव्हते, त्यामुळे गल्लीचा प्रश्न सभागृहात नेणारा माणूस उरला नव्हता. तरी काही दारं उघडी राहिली. पुणे महापालिका 2006-07 पासून नागरिकांकडून लहान कामांच्या सूचना घेऊन त्या अंदाजपत्रकात घालते. पदपथाची दुरुस्ती किंवा बसथांबा अशा कामांसाठी तो रस्ता आहे. क्षेत्रीय कार्यालयात होणारी मोहल्ला समितीची बैठक हे दुसरं दार.

अर्जात महापालिका आणि वाहतूक शाखा या दोन्ही कार्यालयांचा वेगळा उल्लेख करावा आणि एकाची प्रत दुसऱ्याला द्यावी, म्हणजे चेंडू टोलवायला जागा राहत नाही. वेळ, ठिकाण आणि छायाचित्र जोडावं. फलक हवा असेल, तर आधी अधिसूचना निघालीय का ते विचारावं. बांधकामाबद्दल असेल, तर परवानगीतल्या अटींची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. आणि सर्वांत उपयोगी कागद म्हणजे रस्त्याच्या छेदाचं चित्र. चार-पाच शेजाऱ्यांनी मोजपट्टी धरून काढावं. पदपथ किती, उभ्या गाड्या किती, चालती वाट किती, आणि बांधकामाच्या पत्र्यांनी त्यातलं किती घेतलं.

या चित्रावर भांडण लगेच मिटत नाही. पार्किंग हवं असणाऱ्याला दिसतं की त्याची जागा आजींच्या पदपथातून येतेय, आणि पदपथ मागणाऱ्याला दिसतं की त्यासाठी एका कडेच्या गाड्या हलवाव्या लागतील. विकासकालाही सांगावं लागतं की त्याचा पंप कुठे उभा राहील. बेरीज करायचं काम कायद्याने कुणा एका कार्यालयाला दिलेलं नाही, म्हणून ती सध्या रहिवाशांनीच करून कार्यालयांपुढे ठेवायची आहे. महापालिकेने प्रत्येक बांधकाम परवानगीसोबत आणि प्रत्येक पार्किंग आदेशासोबत असा एक छेद जोडायची सक्ती केली, तर नवीन कायद्याची गरज पडणार नाही. मोजपट्टी, कागद आणि दोन कार्यालयांच्या सह्या एवढ्यावर ते भागतं.